सहा खाटांची चाचणी

या वेळी मात्र कुणाचीही चूक होणार नाही, असं सचिवसाहेबांनी सकाळी दाढी करताना आरशाला सांगितलं. मग न्याहारी करताना बायकोला सांगितलं. दवाखान्यात पोचल्यावर लिफ्टवाल्यालाही सांगितलं, त्या बिचाऱ्याने काही विचारलं नव्हतं तरी!

"या वेळी पुराव्यावर निर्णय होणार! निव्वळ पुराव्यावर!"

"कितवा मजला?" लिफ्टवाल्याने विचारलं.

सचिवसाहेब हे त्या मोठ्या दवाखान्याच्या 'नवीन उपकरण समिती'चे सचिव. बाजारात रोज काही ना काही नवं यंत्र येतं आणि प्रत्येक यंत्राबरोबर टाय लावलेला एक तरुण येतो. त्यातलं कुठलं घ्यायचं आणि कुणाला नुसता चहा पाजून परत पाठवायचं, हे ही समिती ठरवते. आजवर ठरवण्याची रीत अगदी सोपी होती. मोठे डॉक्टर कुठल्यातरी परिषदेला जायचे, तिथे काहीतरी लुकलुकताना बघायचे, आणि परत आले की ते लुकलुकणारं आपल्याकडेही हवं असायचं.

अशाच रीतीने औषधं वाटणारी एक गाडी आली होती. ती आपली आपण चालायची, वळायची, वाटेत माणूस आला तर थांबायची. फक्त लिफ्टपाशी आली की बटण दाबायला तिला हात नव्हते! आता ती तिसऱ्या मजल्यावर कायमची उभी आहे आणि सिस्टर तिच्यावर स्वेटर टांगतात. त्याच्या आदल्या वर्षी ऑपरेशनच्या खोलीसाठी एक भलाथोरला दिवा आला. दिवा उत्तम होता, पण दारातून आत जाईना. दार मोजायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून सचिवसाहेबांनी कानाला खडा लावला आणि एक्केचाळीस प्रश्नांचा एक फॉर्म तयार केला. वीज किती लागते, दारातून आत जाईल का, लिफ्टचं बटण दाबता येतं का, बंद पडल्यास पर्यायी सोय काय, आवाज किती करते, सगळं त्यात होतं. दवाखान्यात त्यांना पाठीमागे 'फॉर्मसाहेब' म्हणत. समोर म्हणायची हिंमत फक्त त्यांच्या बायकोची होती.

"घरात मिक्सर घ्यायचा होता तेव्हाही तुम्ही तक्ता केला होतात," ती म्हणाली. "तक्ता पुरा होईपर्यंत त्या कंपनीने तो मिक्सर बनवायचाच बंद केला! मी अजून पाट्यावर वाटतेय!"

"पण चुकीचा मिक्सर तर नाही ना आला घरात?" सचिवसाहेब म्हणाले. त्यावर तिने जे म्हटलं ते फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसण्यासारखं नव्हतं.

या वेळचं यंत्र होतं एक गादी. म्हणजे पातळ चटईसारखं काहीतरी, जे पेशंटच्या गादीखाली सरकवायचं. पेशंट एकटा उठायला लागला की ते ओळखतं आणि मोठ्याने वाजतं, म्हणजे सिस्टर धावत येते आणि पेशंट पडत नाही. हाडांच्या वॉर्डात सहा खाटांची एक खोली होती आणि तिथे सगळी खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं. बाथरूमला जायचं तर हाक मारायची लाज वाटायची, मग हळूच एकटी उठायची आणि पडायची. गेल्या चौदा दिवसांत त्या एका खोलीत चार जण पडले होते. त्यातल्या एका आजीचं नुकतंच जुळत आलेलं हाड पुन्हा मोडलं होतं.

म्हणून सहा चटया चाचणीसाठी आणल्या. सहाही चटयांच्या वायरी एका डब्यात आणि डब्याचा एक प्लग भिंतीत. वॉर्डातल्या सिस्टरांनी तासाभरात गादीचं बारसं केलं, 'बोंबलगादी'!

पण या गादीच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. वरच्या कचेरीतून पत्र आलं होतं की वॉर्डातली मदतनिसांची पदं कमी करा. गादी पास झाली की हाडांच्या वॉर्डातल्या मावशीची गरज संपणार होती. मावशीची चोवीस वर्षं नोकरी झाली होती, दोन राहिली होती. मेट्रनबाईंनी तिला हे सांगितलं तेव्हा ती चादरींच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली.

"गादी खरंच चांगली असेल तर असू दे बापडी," ती म्हणाली. "म्हातारी माणसं पडायला नकोत एवढंच."

मेट्रनबाईंनी हे सचिवसाहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. पण पुरावा म्हणजे पुरावा! तिथे दयामायेचं काय काम? त्यांनी चष्मा पुसला आणि चाचणीचे नियम लिहायला घेतले.

पहिला नियम, कंपनीच्या माणसाने चौदा दिवस त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. निकाल निःपक्षपाती हवा! टायवाल्याने जरा कुरकुर केली, पण सचिवसाहेब बधले नाहीत.

दुसरा नियम त्यांनी स्वतःच्या अनुभवातून लिहिला. गेल्या वर्षी चाचणीला आणलेलं एक ताप मोजायचं यंत्र वॉर्डातून जे नाहीसं झालं ते अजून सापडायचं आहे. तेव्हा त्यांनी परिपत्रक काढलं: 'चाचणीचे यंत्र असलेल्या खोलीत चोवीस तास एक व्यक्ती बसून राहील. सदर व्यक्तीस इतर कोणतेही काम सांगू नये.' खाली सही, शिक्का, तारीख.

एरवी मावशी म्हणजे साऱ्या वॉर्डाचे पाय. "मावशी, हे रक्त लॅबमध्ये देऊन या!" "मावशी, एक्स-रे घेऊन या!" "मावशी, चादरी संपल्या!" दिवसभर ती त्या खोलीत मिळून दहा मिनिटंसुद्धा नसायची. परिपत्रक निघालं आणि तिला एक लोखंडी स्टूल मिळालं. दिवसा ती बसायची, रात्री तिची जाऊ, तीही याच वॉर्डात मदतनीस. स्टूल काही थंड पडायचं नाही.

पहिल्या दिवशी गादीने वॉर्ड डोक्यावर घेतला! दोन नंबरच्या आजी खोकल्या, गादी वाजली. पाच नंबरच्या आजोबांनी चष्म्यासाठी हात लांब केला, गादी वाजली. तीन नंबरवाले रेल्वेतले जुने इंजिनड्रायव्हर, चांगले सहा फूट. ते झोपेत कूस बदलायला गेले आणि गादी अशी काही कोकलली की ते ताडकन उठूनच बसले.

"सिग्नल कुणी दिला?" ते ओरडले.

"कुणी नाही हो आजोबा, गादी आहे ती!" मावशीने त्यांना खांदे धरून मागे टेकवलं. "झोपा."

"हिच्यावर झोपायचं की हिच्यापासून पळायचं?"

संध्याकाळपर्यंत गादी ऐंशी वेळा वाजली. त्यातल्या एकाही वेळी कुणी खरोखर उठत नव्हतं. वॉर्डाच्या सिस्टरने सचिवसाहेबांना फोन केला.

"साहेब, दर वेळी मी धावतेय! माझाच खुबा मोडायची वेळ आलीय!"

"धावता ते ठीक, पण दर वेळी फॉर्म भरताय ना?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

सचिवसाहेबांनी टायवाल्याला विचारलं. तो जराही डगमगला नाही. "सर, यंत्र शिकतं! पहिल्या दिवशी जरा बावरतं. एकदा पेशंटच्या सवयी कळल्या की उगीच वाजत नाही. डब्यावर हिरवा दिवा पेटलेला असला की समजा, शिकणं चालू आहे."

दुसऱ्या दिवशी सचिवसाहेब स्वतः वॉर्डात आले. सिस्टरला लिहायला वेळ नाही ना? मग त्यावरही त्यांनी उपाय काढला होता! काखेत एक छोटा प्रिंटर होता. दर आठ तासांनी बटण दाबायचं, फॉर्म छापून बाहेर येतो, त्यावर फक्त आकडा टाकायचा. किती वेळा वाजलं आणि किती जण पडले, बस्स! डब्याशेजारी त्यांनी प्रिंटर ठेवला. भिंतीत सॉकेट दोन होते आणि त्यातला एक मोडका. सचिवसाहेब वाकले, हाताने चाचपून दुसऱ्यात जागा केली, प्रिंटर लावला. हिरवा दिवा पेटला. ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बघा! याला म्हणतात शिस्त!"

त्या दिवसापासून गादीचं बोंबलणं थांबलं.

फॉर्म यायला लागले. वाजलं शून्य, पडले शून्य. पुढच्या दिवशीही तेच आणि त्याच्या पुढच्या दिवशीही! सचिवसाहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात. टायवाल्यालाही आधी खरं वाटेना, पण आलेली लक्ष्मी कोण परत पाठवतो?

"शिकलं, सर! मी म्हटलं नव्हतं?"

"पण वाजतच नाही म्हणजे?"

"म्हणजे कुणी एकटं उठतच नाही, सर! पेशंटनाही कळलं की गादीचं लक्ष आहे. दोघंही शिकले!"

हे सचिवसाहेबांना इतकं पटलं की त्यांनी ते अहवालात जसंच्या तसं उतरवलं. शिवाय एक आलेख काढला. त्यात आधीच्या चौदा दिवसांचा चार पडलेल्यांचा खांब होता आणि शेजारी गादीचा खांब, जो शून्य असल्यामुळे दिसतच नव्हता! तो आलेख त्यांनी घरी नेऊन बायकोला दाखवला.

"हा दुसरा खांब कुठाय?"

"नाहीये, हीच तर गंमत!"

"मिक्सरही नाहीये," ती म्हणाली आणि आत गेली.

सातव्या दिवशी ते सहज खोलीत डोकावले. मावशी स्टूलवर बसून इंजिनड्रायव्हर आजोबांच्या पायांकडे टक लावून बघत होती. आजोबांचे डोळे मिटलेले होते. एकाएकी ती उठली, काठी आणली, आजोबांच्या काखेत हात घातला आणि म्हणाली, "चला."

"तुला कसं कळलं मला जायचंय?" आजोबा ओशाळले.

"अंगठा हलला तुमचा. अंगठा हलला की तीन मिनिटांत तुम्ही उठता. चला, बोलत बोलत जाऊ. तुमची ती पुलावरची गोष्ट अर्धी राहिलीय कालची."

दोन नंबरच्या आजी उठायच्या आधी उशी सारखी करायच्या. पाच नंबरचे आजोबा घड्याळ बघायचे. एका आजी नुसत्याच गप्प व्हायच्या. मावशीला सहाही जणांची तऱ्हा पाठ होती, आणि ती दिवसभर सगळ्यांशी बोलत असायची, त्यामुळे "मला जायचंय" म्हणायची लाजही कुणाला वाटेनाशी झाली होती. हे सगळं सचिवसाहेबांनी डोळ्यांनी बघितलं. आणि त्यांना काय वाटलं? ते काळजीत पडले!

"मावशी, तुम्ही यंत्राच्या कामात ढवळाढवळ तर करत नाही ना?"

"नाही हो साहेब. मी त्याला हातसुद्धा लावत नाही. ते वाजायच्या आधीच मी यांना नेते."

"मग हरकत नाही," सचिवसाहेब म्हणाले आणि वहीत लिहिलं, 'मदतनीस यंत्रास अडथळा करत नाही.' काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा! जाता जाता ते दारात घुटमळले. "मावशी, निकाल चांगला येतोय गादीचा. म्हणजे… तुमच्या दृष्टीने…"

"कळतंय साहेब," मावशी म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार? जे दिसतं तेच लिहिणार." तिने पदराने स्टूल पुसलं आणि पुन्हा बसली. सचिवसाहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चौदा दिवस संपले. समितीची बैठक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत भरली. सचिवसाहेबांनी आलेख दाखवला. मोठे डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"सगळ्या वॉर्डांत घेऊ!" मोठे डॉक्टर म्हणाले. "पण आधी एकदा डोळ्यांनी बघू या. चला."

सगळी मंडळी हाडांच्या वॉर्डात निघाली. टायवाल्यालाही चौदा दिवसांनी आत सोडलं. दारात सचिवसाहेबांना ते लोखंडी स्टूल दिसलं. नव्या युगाच्या तंत्रज्ञानाशेजारी गंजकं स्टूल! बरं दिसेना.

"मावशी, हे जरा बाहेर घ्या. आणि तुम्हीही पाच मिनिटं बाहेरच थांबा."

दोन नंबरच्या आजी आदल्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या होत्या, त्यामुळे त्यांची खाट रिकामी होती. पेशंट कोण होणार असा प्रश्न निघाला. सचिवसाहेब आधीच बूट काढून तयार होते! ते खाटेवर आडवे झाले आणि झोपल्या झोपल्या भाषण सुरू केलं.

"आता मी एक अशक्त वृद्ध रुग्ण आहे. मी कुणालाही न सांगता उठू बघतो." ते कोपरावर उठले. "आता बघा, वाजेल."

वाजलं नाही.

"शिकलेलं आहे ना," सचिवसाहेब म्हणाले. "मी खरा पेशंट नाही हे त्याला कळत असणार."

"थोडं कडेला व्हा, सर," टायवाला म्हणाला.

सचिवसाहेब कडेला सरकले. काही नाही.

"आणखी थोडं, सर. एक पाय खाली सोडा."

त्यांनी एक पाय सोडला. गादी काही वाजेना.

"अहो साहेब, पडाल!" इंजिनड्रायव्हर आजोबा म्हणाले.

"पडण्याआधी ते वाजतं, आजोबा. हेच तर त्याचं…"

आणि सचिवसाहेब पडले! साधेसुधे नाहीत, शेजारचं टेबल, पाण्याचा तांब्या आणि स्वतःचा आलेख असं सगळं बरोबर घेऊन पडले. चौदा दिवसांत त्या खोलीत पडलेला पहिला माणूस म्हणजे समितीचे सचिव!

सगळ्यात आधी आत धावली ती मावशी. "उठू नका! हात टेकू नका! आधी कूस बदला, हं, अशी!" तिने त्यांना एका कुशीवर वळवलं. मनगटातून कळ गेली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. काजवे गेल्यावर डोळ्यांपुढे आला तो खाटेखालचा भाग. भिंत. सॉकेट. सॉकेटमध्ये प्रिंटरचा प्लग. आणि त्याच्या खाली, धुळीत, जीभ बाहेर टाकून पडलेला दुसरा एक प्लग. त्याच्या वायरीवरून सचिवसाहेबांची नजर हळूहळू सरकत गेली ती थेट गादीच्या डब्यापर्यंत.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसरा दिवस त्यांना लख्ख आठवला. वाकणं, चाचपणं, जागा करणं. बारा-तेरा दिवस सगळा वॉर्ड प्रिंटरचा हिरवा दिवा बघून म्हणत होता, शिकतंय हं!

तेवढ्यात टायवालाही खाली वाकला होता. "प्लग काढलेला आहे!" तो ओरडला. "सर, हे मुद्दाम केलंय कुणीतरी! चौदा दिवस इथे कोण बसलं होतं? गादी पास झाली तर नोकरी कुणाची जाणार होती?"

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या. मावशीचा एक हात सचिवसाहेबांच्या मानेखाली होता. तो तिने तसाच राहू दिला.

"मी हात लावला नाही," ती म्हणाली. "साहेबांनी बजावलं होतं. मी आजवर… चोवीस वर्षांत कुणी असं…"

जमिनीवर पडलेल्या माणसाला फारसा रुबाब नसतो. त्यातून पँट पाण्याने भिजलेली असली तर मुळीच नसतो. खरं सांगायचं तर, सचिवसाहेबांच्या मनात एक क्षण गप्प राहावं असं येऊन गेलं. प्रिंटरचा प्लग पायाने हळूच ओढून काढला असता तर कुणाला कळलं नसतं. पण मानेखालचा तो हात अजूनही त्यांचं डोकं फरशीला लागू देत नव्हता.

"मी काढला," ते म्हणाले.

"काय?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"प्लग. माझा प्रिंटर लावायला. दुसऱ्या दिवशीच."

इंजिनड्रायव्हर आजोबा म्हणाले, "म्हणजे इतके दिवस गाडी इंजिनाशिवाय चालली होती?"

"चालली ना!" मेट्रनबाई एकदम म्हणाल्या. इतका वेळ गप्प बसलेल्या बाई आता थांबायला तयार नव्हत्या. "गादी बंद होती आणि कुणी पडलं नाही! पहिल्यांदा पडलं कोण आणि कधी? मावशीला बाहेर काढल्यावर पाचव्या मिनिटाला हे!"

मोठ्या डॉक्टरांनी खाटांकडे बघितलं, दाराबाहेरच्या स्टूलकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. सचिवसाहेबांचं मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पट्टी बांधून उजवा हात गळ्यात अडकवला आणि सगळे परत बैठकीला बसले.

"गादी चांगली की वाईट हे आपल्याला अजून कळलेलंच नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "तिची चाचणी झालीच नाही. ती दुसऱ्या वॉर्डात पुन्हा करा. आणि प्लगला सचिवांनी हात लावायचा नाही!"

"आणि मावशी?" मेट्रनबाईंनी विचारलं.

मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. "पदं माझ्या हातात नाहीत हो बाई. वरचं पत्र आहे. महिनाअखेर ती पदं जाणारच. ही समिती फक्त नवं तंत्रज्ञान मंजूर करू शकते. माणूस मंजूर करण्याचा अधिकार आपल्याला नाही."

सचिवसाहेबांनी आयुष्यात प्रथमच स्वतःचा फॉर्म नीट वाचला. अगदी वरती, बारीक अक्षरात, त्यांनीच कुठल्याशा मार्गदर्शक पुस्तकातून उतरवलेली एक ओळ होती: 'नवे तंत्रज्ञान म्हणजे यंत्र, औषध किंवा काम करण्याची नवी पद्धत.'

"पद्धत!" ते इतक्या जोरात ओरडले की मनगटातून पुन्हा कळ आली. "साहेब, पद्धत मंजूर करता येते! पुरावा आपल्याकडे आहेच. चौदा दिवस, सहा खाटा, पडले शून्य. फक्त पुराव्यावर नाव चुकीचं पडलं होतं!"

त्यांना लिहिता येत नव्हतं. ते सांगत गेले आणि मेट्रनबाई भराभर फॉर्म भरत गेल्या. मोठे डॉक्टर एकेक प्रश्न वाचत होते.

"पद्धतीचं नाव?"

"स्टूल पद्धत."

"वर्णन?"

"खोलीत एक स्टूल. स्टूलवर एक अनुभवी मदतनीस. इतर काम सांगायचं नाही."

"वीज किती लागते?"

"लागत नाही."

"दारातून आत जाईल?"

"जाते. स्वतःहून जाते."

"लिफ्टचं बटण?"

"दाबता येतं!" मेट्रनबाईंनी हे उत्तर दोन रेघा मारून अधोरेखित केलं.

"नव्या रुग्णाच्या सवयी शिकायला लागणारा वेळ?"

"अर्धा दिवस. न वाजता."

"बंद पडल्यास पर्यायी सोय?"

"जाऊ."

हसत सुटलेले मोठे डॉक्टर थांबले ते टायवाल्याकडे बघून. तो कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. "तुमचं काय म्हणणं आहे?"

त्याने टायची गाठ सैल केली. "सर, मी त्यांच्यावर नको तो आळ घेतला. ते आधी मागे घेतो." मग तो जरा थांबला. "बाकी स्पर्धेचं म्हणाल, तर आमच्या कंपनीकडे असलं मॉडेल नाही."

'स्टूल पद्धत' एकमताने मंजूर झाली. सहा खाटांच्या प्रत्येक खोलीला दिवसा एक आणि रात्री एक अशी दोन वर्षांसाठी. दोनच वर्षं कशी काय ठरली, हे इतिवृत्तात कुठेही लिहिलेलं नाही. सचिवसाहेबांनी तो आकडा सांगितला आणि कुणी कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी त्यांच्या कचेरीत आली. मेट्रनबाईंनी तिला फॉर्मची प्रत दिली होती. तिने ती टेबलावर ठेवली, चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा लावला.

"दोन वर्षं मिळाली, साहेब. काय बोलू?"

"काही बोलू नका," सचिवसाहेब म्हणाले. "माझीच चूक होती."

"ती तर होतीच," मावशी म्हणाली. "पण ते जाऊ द्या. मी काल बसून सगळे एक्केचाळीस प्रश्न वाचले. हा एकोणतिसावा बघा. 'आवाज किती करते?' आणि पुढे तुम्ही काय सांगितलंत? 'सतत!' मी सतत बोलते?"

"अहो, ते कौतुकाने… बोलण्यामुळेच तर पेशंट…"

"नाही, तुम्ही आधी ऐका!" मावशीने खुर्ची ओढून घेतली.

आपण मुळात किती कमी बोलतो, घरात जाऊ कशी जास्त बोलते, लहानपणी तर आईला वाटायचं ही मुलगी मुकी आहे की काय, हे तिने सविस्तर सांगितलं. सचिवसाहेबांनी डाव्या हाताने 'सतत' खोडून 'गरजेपुरता' लिहिलं. ती बोलत होती. त्यांनी 'गरजेपुरता' खोडलं. ती बोलतच होती. पाऊण तासाने ती स्टूलवर जायला उठली, तोवर त्यांनी तो रकाना कोराच सोडून दिला होता.